उपदंशाचे प्रमाण, अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांतील

ट्रेपोनेमा पॅलिडम या मळसूत्री आकाराच्या सूक्ष्मजंतूमुळे होणारा उपदंश (गरमी) हा रोग मुख्यतः लैंगिक संबंधातून पसरतो. रक्तपरीक्षेने निदान होते आणि औषधही खात्रीचे आहे. तरीही अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांतून तो हटलेला नाही. रोगाच्या उत्तरावस्थेतील रोग्यांत जुना संसर्ग असलेलेही असतात. म्हणून नव्या प्रसाराचे माप प्राथमिक व द्वितीयक अवस्थांतील रोग्यांवरून ठरवितात.

जॉन महोनी व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९४३ मध्ये पेनिसिलिनाची उपयुक्तता दाखवून दिली. १९४७ मध्ये या दोन अवस्थांतील १,०६,५३९ रोगी नोंदले गेले होते. दहा वर्षांनी ही संख्या सु. ६,५०० वर आली. रोग संपत आला असे मानून संघराज्याचे अनुदान कमी करण्यात आले आणि १९६५ पर्यंत रोग्यांची संख्या २३,००० च्या वर गेली. यश हेच येथे अपयशाचे कारण ठरले. १९९० मध्ये, क्रॅक कोकेनचे व्यसन फोफावले असताना, ती ५०,५७८ झाली. कृष्णवर्णीय वस्त्यांना याची सर्वाधिक झळ बसली. १९९९ मध्ये रोगनिर्मूलनाची राष्ट्रीय योजना जाहीर झाली. २००० मधील ५,९७९ ही संख्या नीचांक ठरली व त्यानंतर वाढ पुन्हा सुरू झाली. प्रथम समलिंगी संबंध ठेवणाऱ्या पुरुषांत, तर २०१३ नंतर स्त्रियांतही.

या इतिहासाला एक काळी बाजू आहे. ॲलाबॅमा राज्यातील टस्कीगी येथे शासकीय आरोग्यसेवेने १९३२ ते १९७२ या काळात ३९९ उपदंशग्रस्त कृष्णवर्णीय पुरुषांचे केवळ निरीक्षण केले. पेनिसिलीन सर्वत्र उपलब्ध झाल्यावरही त्यांना ते दिले नाही. त्यातून आरोग्ययंत्रणेविषयी निर्माण झालेला अविश्वास पुढील पिढ्यांतही टिकला.

प्रौढांतील वाढीपेक्षा जन्मजात उपदंशाची वाढ अधिक गंभीर होय. गर्भिणीच्या रक्तातील जंतू वारेतून गर्भात शिरतात. गर्भपात, मृतजन्म किंवा अर्भकाच्या अस्थी, यकृत व मेंदूची हानी हे त्याचे परिणाम. रोग नवा असल्यास बेंझाथीन पेनिसिलिनाचे एक इंजेक्शन पुरते. जुना असल्यास आठवड्याच्या अंतराने तीन द्यावी लागतात. मात्र उपचार प्रसूतीपूर्वी निदान ३० दिवस सुरू झाले पाहिजेत. प्रसूतिपूर्व तपासणीस उशिरा येणाऱ्या, किंवा मुळीच न येणाऱ्या, स्त्रियांच्या बाबतीत ही मुदत टळून जाते. जन्मजात उपदंशाची २०१२ मध्ये ३३५ अर्भके नोंदली गेली. २०२२ मध्ये ३,७०० हून अधिक. त्यांतील २८२ मृतजन्म वा अर्भकमृत्यू होते. वेळेवर तपासणी व उपचार झाले असते, तर सु. नऊ-दशांश प्रकरणे टळू शकली असती, असे तेथील रोगनियंत्रण केंद्राचे अनुमान आहे. २०२३ मध्ये प्राथमिक व द्वितीयक अवस्थांतील रोगी सु. १० टक्क्यांनी घटले; जन्मजात रोगाची संख्या मात्र ३,८८२ झाली. त्याच वर्षी बेंझाथीन पेनिसिलिनाचा तुटवडा पडल्याने उपलब्ध साठा प्रामुख्याने गर्भिणींसाठी राखून ठेवण्याच्या सूचना द्याव्या लागल्या.