सामाईक संगणकाचे नियम

शेतकरी माणसाला सामाईक विहीर म्हणजे काय हे समजावून सांगायला नको. विहीर एक, हिस्सेदार चार, आणि ज्याची पाळी त्याने मोटर लावायची. पाळी संपली की पुढच्याच्या स्वाधीन करायची. गावोगावच्या सार्वजनिक वाचनालयांत आता जो संगणक आला आहे, त्याचेही काहीसे असेच आहे. फरक एवढाच की, विहिरीवरून आपण पाणी नेतो, मागे काही ठेवीत नाही. या यंत्रात मात्र आपण नकळत पुष्कळ काही मागे ठेवून उठतो. आज बोलायचे आहे ते मुख्यतः याविषयी.

१९६७ साली महाराष्ट्र सार्वजनिक ग्रंथालय कायदा झाला, तेव्हा वाचनालय म्हणजे वर्तमानपत्रांचे टेबल आणि कादंबऱ्यांची कपाटे. आज त्याच खोलीच्या कोपऱ्यात संगणक असतो, आणि लोक येतात ते परीक्षेचा निकाल पाहायला, महाडीबीटीवर शिष्यवृत्तीचा अर्ज भरायला, नाहीतर डिजिटल सहीचा सातबारा काढायला. भिंतीवर नियमांचा फलक असतो. सिनेमा पाहू नये, खेळ खेळू नये, अश्लील चित्रे पाहू नयेत, अर्ध्या तासात उठावे. हे सगळे ठीकच आहे. पण उठताना काय करावे, हे मी कोणत्याही फलकावर वाचलेले नाही.

माझीच गोष्ट सांगतो. एका तालुक्याच्या गावी वाचनालयात बसून मी माझी ई-मेल पाहिली, कोपऱ्यातली फुली दाबली आणि एस.टी. गाठली. दुसऱ्या दिवशी मला एक पत्र आले, आणि तेही माझ्याच पत्त्यावरून! ‘काका, तुमची मेल इथे उघडी राहिली होती. मी बंद करतो आहे.’ पोरगा सज्जन, म्हणून निभावले. त्या मेलमध्ये माझ्या पेन्शनचे कागद होते, आधारकार्डाची प्रत होती.

फुली दाबूनही मेल उघडी कशी राहिली? देवळाबाहेर चपला ठेवल्या की आपल्याला एक बिल्ला मिळतो. पुढे नाव कोणी विचारीत नाही. बिल्ला दाखवील त्याच्या चपला. आपण पासवर्ड टाकून आत शिरलो की पलीकडचे संकेतस्थळ असाच एक बिल्ला या यंत्राच्या खिशात टाकते. त्याला ‘कुकी’ म्हणतात. फुली दाबली म्हणजे खिडकी मिटली, पण बिल्ला खिशातच राहू शकतो. यंत्र बंद करून पुन्हा चालू केले तरी तो बहुधा तिथेच असतो. पुढच्या माणसाने तेच संकेतस्थळ उघडले की आपले घर त्याच्यापुढे उघडे! बिल्ला परत करायचा मार्ग एकच. त्या संकेतस्थळावर ‘लॉग आउट’ किंवा ‘साइन आउट’ असे लिहिलेले असते, ते दाबायचे. फुली त्यानंतर.

आणखी एक सोय सांगून ठेवतो. क्रोममध्ये कंट्रोल, शिफ्ट आणि एन ही तीन बटणे एकदम दाबली की एक काळसर खिडकी उघडते. तिच्यात काम केले आणि अशा सगळ्या खिडक्या मिटल्या, की बिल्ले आणि पाहिलेल्या पानांची यादी पुसली जाते. मात्र उतरवून घेतलेल्या फाइली पुसल्या जात नाहीत. सातबारा, गुणपत्रिका, जातीचा दाखला, सारे ‘डाउनलोड्स’च्या कप्प्यात पडून राहते. ते तिथून काढावे, आणि मग कचऱ्याची टोपलीही रिकामी करावी. ‘पासवर्ड लक्षात ठेवू का?’ असे यंत्र मोठ्या अदबीने विचारते. त्याला नको म्हणावे. बँकेचा व्यवहार तर या यंत्रावर करूच नये. टाइप केलेले प्रत्येक अक्षर चोरून टिपणारे प्रोग्राम असतात, आणि कोणाच्या पेनड्राइव्हबरोबर ते आत शिरले हे ग्रंथपालालाही कळत नाही.

पण ज्याला टाइप करताच येत नाही त्याने काय करावे? आपल्याकडे हाच प्रश्न मोठा आहे. म्हातारी बाई आपला फोन ग्रंथपालाच्या हातात देते आणि म्हणते, ‘बाबा, तूच बघ काय आलंय ते.’ माणूस चांगला असतो, गर्दी असते, तो ओटीपी वाचतो आणि काम करून टाकतो. तरीही मी म्हणेन, ही सवय वाईट. उद्या दुसरा कोणी फोनवरून गोड बोलून आकडा विचारील, तेव्हा बाई त्यालाही देईल. आकडा तिने स्वतः दाबावा, दोन मिनिटे जास्त लागली तरी चालेल. अंक तर ओळखता येतात ना!

वेळेच्या नियमाचेही असेच. अर्ध्या तासाची पाळी योग्य, पण अर्जाचा शेवटचा दिवस आहे आणि मुलगी शेवटच्या पानावर आहे, अशा वेळी घड्याळ दाखवून तिला उठवणे म्हणजे तिचे वर्ष बुडवणे. तेव्हा क्रिकेटचा धावफलक पाहणाऱ्याने थांबावे.

आता गुरुजींच्या काळजीचा विषय. मुले नको ते पाहतील, म्हणून काही संकेतस्थळे अडवणारी चाळण बसवतात. अमेरिकेत २००० साली कायदाच झाला की, इंटरनेटसाठी केंद्राची मदत घेणाऱ्या वाचनालयांनी अशी चाळण बसवावी. २००३ मध्ये तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने तो मान्य केला. त्या निकालात भर होता तो यावर, की प्रौढ माणसाने मागितल्यास चाळण काढून देता येते. हे आपणही घ्यावे. शब्द पाहून अडवणारी यांत्रिक चाळण स्तनांच्या कर्करोगाची माहिती शोधणाऱ्या बाईचे पानही अडवू शकते, आणि तिला ते मोठ्याने विचारता येत नाही. म्हणून मुलांचा संगणक दर्शनी भागात असावा, आणि एखादा पडदा असा असावा की मागून जाणाऱ्याला तो वाचता येऊ नये.

नोंदवहीविषयी थोडेसे. २०११ चे केंद्राचे नियम सायबर कॅफेंसाठी आहेत. ओळखपत्र पाहावे, नाव व वेळ लिहावी, नोंद वर्षभर ठेवावी असे त्यांत आहे. वाचनालय हा धंदा नव्हे, तरी नाव आणि वेळ लिहिण्याची पद्धत बरी. उद्या त्या यंत्रावरून कोणी गैरप्रकार केला तर निष्पाप माणसावर बालंट येत नाही. मात्र आधारचा आकडा सर्वांसमोरच्या वहीत लिहू नये. कार्ड पाहावे आणि परत द्यावे.

एवढे करूनही मेल उघडी राहिल्याचे घरी आल्यावर आठवले, तर घाबरू नका. गूगलच्या खात्यात ‘तुमची डिव्हाइस’ म्हणून यादी असते, तिथून ते यंत्र दूरूनच बाहेर काढता येते. व्हॉट्सॲप जोडले असेल तर फोनमध्ये ‘लिंक्ड डिव्हाइसेस’ पाहा. मग पासवर्ड बदला. पैसे गेले असतील तर मात्र हे सगळे नंतर. आधी १९३० हा क्रमांक लावा, आणि तोही ताबडतोब, कारण पैसे पुढच्या खात्यात सरकण्याआधी कळले तरच ते अडवता येण्याची आशा असते.

आणि हो, प्रिंटरच्या तोंडाशी पाहून जा. एका सातबाऱ्याच्या दोन प्रती निघालेल्या असतात, आणि दुसरी तिथेच राहते.