लूदाँचे सैतान आणि प्रवाशाचं नख

झपाटलेल्या जोगिणींची गोष्ट म्हटली की मला आधी फ्रान्समधलं लूदाँ आठवतं. 1632 साल. गावात प्लेग नुकताच थैमान घालून गेलेला. उर्सुलाइन मठातल्या जोगिणी किंचाळायला, अंग वेडंवाकडं पिळायला लागल्या. सैतान पाठवणारा म्हणून त्यांनी नाव घेतलं युर्बँ ग्रांदिए या पाद्र्याचं. देखणा, फटकळ, बायकांच्या भानगडींमुळे बदनाम. गंमत म्हणजे मठप्रमुख झान दे-झांजशी त्याची साधी भेटही नव्हती!

खरी गोम राजकारणात. लूदाँचा किल्ला पाडायला ग्रांदिएचा विरोध, आणि राजाचा मुख्यमंत्री कार्डिनल रिशल्यूशी जुनं वाकडं. किल्ला पाडायला आलेला लोबार्दमाँ हाच खटल्याचाही कर्ताधर्ता. भुतं चर्चमध्ये जाहीरपणे उतरवली जात. बघ्यांची ही गर्दी. पुरावा काय, तर उलट्या अक्षरांत लिहिलेला लॅटिन करारनामा, खाली सैतानांच्या सह्या! पाय चेचले तरी ग्रांदिएने कबुली दिली नाही. 18 ऑगस्ट 1634 रोजी त्याला जिवंत जाळलं.

तरी सैतान काही हटले नाहीत, प्रकार 1637 पर्यंत चालला. भूत उतरवायला आलेला स्यूरँ हा जेझुइट पाद्री स्वतःच पुढे अनेक वर्षं भ्रमिष्ट होता. झान मात्र प्रसिद्ध झाली. सैतान जाताना हातावर पवित्र नावं कोरून गेला म्हणे. तो हात बघायला राजाराणीसुद्धा. 1645 मध्ये माँकोनी नावाच्या प्रवाशाने त्यातल्या ‘मारी’च्या पहिल्या अक्षरावर हळूच नख घासलं, तर अक्षराचा तुकडा निघून आला.