बीपी नॉर्मल आलं, तरी गोळी सोडू नका

नाटे (ता. राजापूर) : “बीपी नॉर्मल आलंय, मग गोळी कशाला?” असं म्हणून अनेकजण परस्पर औषध बंद करतात. घात इथेच होतो. बीपी नॉर्मल येतं ते गोळीमुळेच. गोळी थांबली की ते परत चढतं आणि बहुतेकांना काही जाणवतही नाही. मग एखाद्या दिवशी थेट लकवा किंवा हार्ट अटॅक येतो. किडनीही निकामी होऊ शकते.

गोळीची सवय लागते, ही भीती चुकीची आहे. ही नशा नव्हे. अॅम्लोडिपिनने काहींच्या पायांना सूज येते. तसं झालं तर डॉक्टरांना सांगा, ते डोस कमी करतात किंवा गोळी बदलतात. अंगदुखीच्या गोळ्या मात्र मनाने खाऊ नका, काहींनी बीपी वाढतं.

2017 साली देशात सुरू झालेल्या उच्च रक्तदाब नियंत्रण उपक्रमात शेजारचा सिंधुदुर्ग राज्यातल्या पहिल्या जिल्ह्यांपैकी होता. त्यात महिन्याच्या गोळ्या एकदम देण्यावर भर आहे, कारण गोळ्या संपल्या की खंड पडतो.

साखरीनाटे बंदरातून मासेमारीला जाणाऱ्यांनी गोळ्यांची पट्टी सोबत ठेवावी. एक दिवस चुकला, तर दुसऱ्या दिवशी दोन गोळ्या एकदम घेऊ नयेत.

मीठ दिवसाला 5 ग्रॅमपेक्षा कमी हवं, म्हणजे जेमतेम एक छोटा चमचा. खारवलेली सुकी मासळी, लोणचं, पापड यातलं मीठही त्यातच धरायचं.

तोंड वाकडं झालं, हातपाय लुळा पडला, बोलणं अडखळलं, तर वाट न बघता 108 ला फोन करा.