हत्तीच्या पोटातले पाणी वेळ सांगते : अल-जझरींचे घड्याळ

लंडनच्या सायन्स म्युझियममध्ये २०१० साली एक अजब घड्याळ मांडले होते. भलामोठा हत्ती, मानेवर माहूत, पाठीवर अंबारी! असाच हत्ती दुबईच्या इब्न बतूता मॉलमध्येही आहे. आखातात नोकरी करणाऱ्या आपल्या कितीतरी लोकांनी तो पाहिला असेल. पण हे घड्याळ चालते कसे?

या दोन्ही आजच्या काळातल्या प्रतिकृती. मूळ रचना इस्माईल अल-जझरी यांची. आजच्या तुर्कस्तानातील दियारबकर इथे अर्तुकी राजांच्या पदरी ते कारागीर होते. १२०६ मध्ये पूर्ण केलेल्या ग्रंथात त्यांनी सुमारे ५० यंत्रे चित्रांसह समजावून दिली. हे घड्याळ त्यातलेच एक.

हत्तीच्या पोटात पाण्याची टाकी असते. तिच्यावर तळाला बारीक भोक असलेला वाडगा तरंगतो. पाणी हळूहळू आत शिरते आणि अर्ध्या तासाने वाडगा बुडतो. बुडता बुडता तो दोरी ओढतो, त्यामुळे वरून एक गोळी सुटते. ती ससाण्याच्या चोचीतून नागाच्या तोंडात पडते. वजनाने नाग खाली झुकतो आणि तोच बुडालेला वाडगा वर खेचतो. गोळी पडली की नाग पुन्हा जागेवर, वाडगा पुन्हा पाण्यावर. माहूत हत्तीवर घाव घालतो, घुमटावरचा पक्षी फिरतो. गोळ्या संपेपर्यंत हे आपोआप चालते.

आता आपल्याकडे या. पाण्यात बुडणाऱ्या भांड्याने वेळ मोजायची रीत हिंदुस्थानात फार जुनी. महाराष्ट्रात लग्नाचा मुहूर्त साधायला घटिकापात्र ठेवत. ते २४ मिनिटांत, म्हणजे एका घटकेत बुडे. आपला ‘घडी’ शब्द याच घटिकेचा. बाबरनेही आपल्या आठवणींत इथल्या घडी आणि प्रहर मोजण्याच्या पद्धतीचे वर्णन केले आहे.

अल-जझरींनी आपल्याआधीच्या जाणकारांचे ऋण लपवले नाही. बगदादच्या बनू मूसा बंधूंचा, आर्किमिडीजच्या नावावर असलेल्या जलघड्याळाचा उल्लेख ते करतात. इल्म कुठलेही असो, ते घ्यायचे, पारखायचे, त्यात भर घालायची आणि पुढच्यासाठी नीट लिहून ठेवायचे, ही त्यांची रीत. “आपल्या पूर्वजांनी सगळे शोधले” एवढे म्हणून थांबणाऱ्यांनी ही रीतही उचलायला हवी.

सुट्टीत मुलांना एक काम द्या. प्लास्टिकच्या वाटीला सुईने भोक पाडा, बादलीत सोडा, तळाशी थोडे वजन ठेवा आणि मोबाईलवर वेळ लावा. वाटी बरोबर दहा मिनिटांत बुडवायची असेल तर काय बदलावे लागेल? उत्तर मुलांनाच शोधू द्या.