साठवावे कढत, विसणावे नळाशी

आपल्या जुन्या घरांत तांब्याचा बंब असे. पाणी बंबात कढत राही. विसण घातले जाई ते घंगाळात. सार्वजनिक इमारतींतील गरम पाणी निर्धोक ठेवण्याचे मुख्य तत्त्व हेच आहे.

१९७६ च्या जुलैत अमेरिकेत फिलाडेल्फियाच्या एका हॉटेलात माजी सैनिकांचे अधिवेशन भरले. मागोमाग न्यूमोनियाची साथ उसळली आणि ३४ माणसे दगावली. पुढच्या जानेवारीत जोसेफ मॅकडेड यांना जंतू सापडला. त्या सैनिकांच्या ‘लीजन’ या संघटनेवरून त्याचे नाव लीजिओनेला पडले. तेथे संशय वातानुकूलनावर होता. पण हा जंतू पुढे इमारतींच्या गरम पाण्याच्या टाक्यांत आणि फवाऱ्यांतही आढळला. सुमारे २० ते ४५ अंश सेल्सिअसच्या साचलेल्या पाण्यात, गाळात तो वाढतो. बाधतो तो मुख्यतः तुषार श्वासावाटे फुप्फुसात गेल्याने.

आता जव्हार-मोखाड्याचा विचार करा. वसतिगृहाच्या किंवा रुग्णालयाच्या गच्चीवर सौरबंब असेल, तर पावसाळ्यात ऊन दिसत नाही आणि पाणी कोमटच राहते. आश्रमशाळेला उन्हाळी सुट्टी लागली की नळ्यांत पाणी आठवडेच्या आठवडे साचते. जंतूला याहून सोयीचे काय हवे?

उपाय साधे आहेत. टाकीतील पाणी ६० अंशांवर ठेवावे. ऊन नसेल तेव्हा विजेची जोड द्यावी. नळापर्यंत ते निदान ५० अंशांनी पोहोचावे. मात्र ६० अंशांचे पाणी काही सेकंदांत कातडी भाजते. म्हणून थंड पाणी मिसळणारी झडप नळाजवळच हवी. हेच आपले विसण! वापरात नसलेले नळ आठवड्यातून एकदा वाहते करावेत, फवाऱ्यांवरचे क्षार काढावेत, टाकीतील गाळ उपसावा आणि बिनवापराच्या नळ्या कापून टाकाव्यात.

हे करणार कोण? सफाई कामगार आणि प्लंबर. सुट्टीनंतर उडणारा पहिला तुषार त्यांच्याच नाकात जातो. त्यांना तुषार न उडवता नळ सोडण्याची रीत शिकवावी, योग्य मुखपट्टी द्यावी, तापमापक आणि नोंदवही हाती द्यावी. पण विजेची जोड मंजूर करणे कामगाराच्या हाती नसते. तेव्हा आकडा ६० च्या खाली उतरला तर दुरुस्ती कोणी करावयाची, त्या अधिकाऱ्याचे नाव वहीच्या पहिल्याच पानावर लिहिलेले असावे.