गाठीच्या आतील पहारेकरी

मोठ्या आतड्याच्या कर्करोगाचे दोन रुग्ण एकाच सुमारास शस्त्रक्रियेला सामोरे जातात. वय जवळपास सारखे, अहवालावरील टप्पाही एकच. पाच वर्षांनी एक जण नातवंडांत रमलेला असतो, तर दुसऱ्याच्या यकृतात रोगाने ठाण मांडलेले असते. उपचारांत कसूर झालेली नसते आणि पथ्यपाण्यातही नसते. मग हा फरक का पडावा? कुटुंबीयांना छळणारा हा प्रश्न वैद्यकशास्त्रालाही दीर्घकाळ निरुत्तर करीत आला होता.

टप्पा ठरविताना डॉक्टर तीन गोष्टी पाहतात: गाठ आतड्याच्या भिंतीत किती खोल गेली, जवळच्या लसिकाग्रंथींपर्यंत पोहोचली का आणि दूरच्या अवयवांत पसरली का. ही तिन्ही मोजमापे रोगाची आहेत. शरीराने रोगाला किती विरोध केला, याची नोंद त्यांत नसते.

ही उणीव भरून काढण्याच्या दिशेने पॅरिसमधील जेरोम गालों आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी महत्त्वाचे पाऊल टाकले. शस्त्रक्रियेत काढलेल्या गाठींच्या गाभ्यात आणि कडेला प्रतिकारशक्तीच्या टी-पेशी किती व कोणत्या आहेत, हे त्यांनी मोजले. २००६ साली ‘सायन्स’ या नियतकालिकात त्यांचे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. ज्यांच्या गाठीत या पेशींची दाटी होती, त्यांच्यात रोग उलटण्याचे प्रमाण कमी आढळले.

या पेशी परस्परांशी रासायनिक संदेशांद्वारे संवाद साधतात. कर्कपेशी ओळखताच टी-पेशी ‘इंटरफेरॉन गॅमा’ नावाचे प्रथिन स्रवते. त्यामुळे कर्कपेशींच्या पृष्ठभागावर त्यांची ओळख अधिक ठळक होते आणि आणखी टी-पेशी तेथे धावून येतात. परंतु गाठही स्वस्थ बसत नाही. काही गाठी ‘टीजीएफ-बीटा’ हा संदेश सोडून टी-पेशींना वेशीबाहेरच थोपवून धरतात. काही गाठी ‘पीडी-एल१’ या प्रथिनाच्या साहाय्याने टी-पेशींना जणू लगाम घालतात. आश्चर्य असे की, इंटरफेरॉनच्या संदेशामुळेच हे प्रथिन वाढू शकते. हल्ल्याच्या हाकेतूनच शत्रूला ढाल मिळते. असे लगाम सैल करण्याचा मार्ग दाखविल्याबद्दल जेम्स अ‍ॅलिसन आणि तासुकू होंजो यांना २०१८ चे नोबेल पारितोषिक मिळाले.

त्याच वर्षी, गालों यांच्या मोजणीवर आधारलेल्या ‘इम्युनोस्कोर’ या गुणांकाची १३ देशांत झालेली पडताळणी ‘लॅन्सेट’मध्ये प्रसिद्ध झाली. तीत २,६८१ रुग्णांच्या गाठींचे विश्लेषण होते आणि अहमदाबादच्या गुजरात कॅन्सर अँड रिसर्च इन्स्टिट्यूटचा सहभागही होता. अभ्यासाच्या पहिल्या गटात पाच वर्षांत रोग उलटण्याचे प्रमाण उच्च गुणांक असलेल्यांत ८ टक्के, तर कमी गुणांक असलेल्यांत ३२ टक्के आढळले. ही मोजणी अद्याप सर्वत्र उपलब्ध नाही. मात्र तिच्याशी निगडित असलेली एक सोपी तपासणी अनेक ठिकाणी होते.

ती म्हणजे ‘एमएमआर’ तपासणी. डीएनएची नक्कल होताना घडणाऱ्या चुका सुधारणारी यंत्रणा आतड्याच्या सुमारे १५ टक्के कर्करोगांत बिघडलेली असते. अशा गाठीत अपरिचित प्रथिने विपुल तयार होतात आणि टी-पेशी मोठ्या संख्येने जमतात. लगाम सैल करणारी औषधे येथे विशेष प्रभावी ठरतात. नेदरलँड्समधील एका अभ्यासात अशा रुग्णांना शस्त्रक्रियेपूर्वी ही औषधे अल्पकाळ देण्यात आली. २०२४ साली प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार, ६८ टक्के रुग्णांच्या काढलेल्या आतड्यात एकही जिवंत कर्कपेशी उरली नव्हती. उरलेल्या बहुसंख्य गाठींत मात्र ही औषधे एकटी क्वचितच उपयोगी पडतात. म्हणूनच आधी तपासणी, मग उपचार हा क्रम महत्त्वाचा.

येथे काही समज दूर व्हायला हवेत. ‘प्रतिकारशक्ती वाढविणारी’ चूर्णे गाठीतील ही कोंडी फोडतात, याला आधार नाही. घर शाकाहारी आहे म्हणून हा रोग होणारच नाही, असेही नाही. शौचातून रक्त पडले की मूळव्याधच, असे घरीच ठरवून महिने घालविणे घातक ठरू शकते.

निदान झालेच, तर गाठीच्या तुकड्याची एमएमआर तपासणी झाली आहे का, हे कुटुंबीयांनी डॉक्टरांना अवश्य विचारावे. हा दोष कधीकधी आनुवंशिक असतो. तसे आढळल्यास भावंडांची आणि मुलांचीही वेळीच तपासणी करता येते. एका रुग्णासाठी विचारलेला प्रश्न अशा वेळी साऱ्या घराच्या उपयोगी पडतो.