मत्स्यपेटीची बैठक

‘घर पाहावे बांधून आणि लग्न पाहावे करून’ असे आपल्याकडे म्हणतात. त्यात मी एक भर घालीन : मोठी मत्स्यपेटी पाहावी भरून! ही भर केवळ गमतीची नव्हे. स्वतःच्या घरात पाणी सांडल्यावर जे शहाणपण येते, त्यातून ती आलेली आहे.

मी महाविद्यालयात शिकवतो, पण साहित्य. वजन, दाब यांच्याशी माझा संबंध उत्तरपत्रिकांच्या गठ्ठ्यापुरता. धाकट्या मुलीच्या हट्टापायी सहा फूट लांब, दोन फूट रुंद आणि दोन फूट उंच अशी अ‍ॅक्रिलिकची पेटी मी घेतली. मलकापूरहून टेम्पोने राजूर घाट चढून ती बुलढाण्यास आली. चौघांनी सहज उचलून आत ठेवली, आणि तिथेच माझी फसगत झाली. रिकाम्या पेटीच्या हलकेपणावरून मी भरल्या पेटीचा अंदाज बांधला.

हिशेब तुम्हीच करून पाहा. पेटीचे आकारमान 24 घनफूट. एका घनफुटात सुमारे 28 लिटर पाणी मावते. म्हणजे पाणीच झाले 680 लिटर, अर्थात 680 किलो. त्यात तळाची वाळू, दगड, पेटी आणि स्टँड धरले की साडेआठ-नऊ क्विंटल सहज भरतात. दिवाणखान्याच्या कोपऱ्यात ज्वारीची नऊ पोती रचायची म्हटले तर आपण आधी जमीन पाहू, भिंत पाहू. पाणी मात्र बादली-बादलीने घरात येते, म्हणून त्याचे ओझे कुणाच्या डोळ्यांत भरत नाही.

बरे, हे ओझे नुसते खाली दाबत नाही, ते बाजूलाही रेटते. आमच्या पेटीच्या दर्शनी भिंतीवर पाण्याचा रेटा सुमारे 340 किलोंचा होता. शिवाय तो वाढतो खोलीच्या वर्गाने. पाणी दुप्पट खोल केले की त्याच लांबीच्या भिंतीवरचा रेटा चौपट. म्हणून लांब पेटीपेक्षा उंच पेटीला अधिक भ्यावे.

आता अ‍ॅक्रिलिकचा स्वभाव पाहू. ते त्याच आकाराच्या आणि जाडीच्या काचेच्या निम्म्याहून कमी वजनाचे असते, धक्का लागला तर काचेसारखे चटकन फुटत नाही. पण ते लवते. काच ताठ गृहस्थासारखी; अ‍ॅक्रिलिक भिडस्त, जसा आधार मिळेल तसे वाकणारे. चौकटीच्या जुन्या काचपेट्यांचा भार कडांवर येतो, त्यामुळे त्यांना मधे मोकळा असलेला लोखंडी सांगाडा चालतो. अ‍ॅक्रिलिकला तो चालत नाही. त्याच्या तळाला इंच न् इंच आधार लागतो.

हे मला कुठले ठाऊक? मी अँगलचा सांगाडा करून घेतला आणि पेटी त्यावर ठेवली. पाणी भरल्यावर तळ मध्यभागी किंचित खाली आलेला दिसला, पण ‘एवढे चालायचेच’ म्हणून सोडून दिले. तिसऱ्या दिवशी संध्याकाळी तळाचा सांधा उकलला. मुलगी पेटीपुढे बसून अभ्यास करीत होती. आईने जेवायला हाक मारली म्हणून ती नुकतीच उठली होती. विजेचा बोर्ड मी खाली फरशीवर ठेवला होता. गळती ओळखणारा ब्रेकर खट्‌कन पडला आणि घरात अंधार झाला, म्हणून आम्ही सारे सुखरूप राहिलो. त्या अंधारात घोटाभर पाण्यात उभे राहून मुलीला हाका मारताना मला काय वाटले असेल, ते आईबापांना सांगायला नको.

दुसऱ्या वेळी मी गवंडी आणि सुतार दोघांनाही विचारले. त्यांच्याकडून जे शिकलो ते असे.

पहिली गोष्ट जागेची. पेटी शक्यतो तळमजल्यावर असावी. राहत्या खोलीचा स्लॅब साधारणपणे चौरस मीटरला 200 किलो वापरभार धरून आखतात. आमच्या पेटीखाली तोच आकडा 800 च्या आसपास जातो. तेव्हा वरच्या मजल्यासाठी अभियंत्याला विचारल्यावाचून पाऊल टाकू नये. तळमजल्यावरही आपल्याकडच्या काळ्या मातीचा भरवसा धरू नका. ती पावसाळ्यात फुगते, उन्हाळ्यात भेगाळते आणि वरची फरशी खचते. फरशी ठोकून पाहावी; पोकळ आवाज आला तर ती जागा सोडावी.

दुसरी गोष्ट स्टँडची. वर सलग, जाड प्लायवूड हवे. पाणसळ लावून लांबी-रुंदी तपासाच, पण पीळही पाहा. समोरासमोरच्या कोपऱ्यांतून दोन दोरे ताणून बांधावे. मधोमध ते एकमेकांना जेमतेम टेकले तर पृष्ठ सरळ. उणे-अधिक असेल तर पाचर स्टँडच्या पायाखाली द्यावी, पेटीच्या तळाखाली कधीही नाही. तळाखाली पातळ फोम घालावा की नाही, हे पेटी बनविणाऱ्याच्या सांगण्याप्रमाणे ठरवावे. फोम वाळूचा खडा पोटात घेईल, वाकडे स्टँड सरळ करणार नाही.

तिसरी गोष्ट भरण्याची. पाव पेटी भरावी, थांबावे, पाणसळ पुन्हा लावावी. मग पुढचा पाव. भरलेली पेटी आठ दिवस माशांवाचून ठेवावी. वरची आडवी पट्टी अडचण होते म्हणून कापू नये. तिनेच भिंती धरून ठेवलेल्या असतात. अ‍ॅक्रिलिक उष्णतेने काचेच्या कितीतरी पट प्रसरण पावते. 25 अंशांच्या फरकाने सहा फुटांत सुमारे तीन मिलिमीटर! म्हणून पेटी भिंतीला चिकटवू नये, उन्हात ठेवू नये. स्पिरिट किंवा अमोनियाच्या द्रवाने पुसू नये; त्याने बारीक भेगा पडतात. विजेचा बोर्ड पेटीपासून दूर आणि उंचावर असावा. वायरला खाली झोळ द्यावा, म्हणजे ओघळ बोर्डापर्यंत न जाता झोळावरून गळून पडेल.

ही काळजी फक्त घरगुती माणसानेच घ्यायची असे समजू नका. बर्लिनच्या एका हॉटेलातील ‘अ‍ॅक्वाडोम’ नावाची अ‍ॅक्रिलिकची प्रचंड टाकी 16 डिसेंबर 2022 च्या पहाटे फुटली. सुमारे दहा लाख लिटर पाणी रस्त्यापर्यंत गेले, बहुतेक मासे मेले. पहाटेची वेळ होती म्हणून माणसे बचावली. तज्ज्ञांनी सांध्याचा, तळाजवळच्या इजेचा आणि दुरुस्तीच्या वेळी टाकी रिकामी राहिल्याचा, असे तीन संशय मांडले. निश्चित कारण सापडले नाही. उलट मुंबईच्या 1951 सालच्या तारापोरवाला मत्स्यालयात 2015 च्या नूतनीकरणानंतर अ‍ॅक्रिलिकच्या बोगद्यातून लेकरे निर्धास्त चालत, डोक्यावरून मासे पोहत जात. म्हणजे दोष पदार्थाचा नाही; त्याची बैठक आणि त्याची निगा कशी आहे, यावर सारे अवलंबून.

आमची दुसरी पेटी आज घरात उभी आहे. मुलगी तिच्यापुढे बसूनच अभ्यास करते. मी मात्र दर रविवारी पाणसळ लावून पाहतो. घरची मंडळी हसतात. हसोत बापडी!